ताईची झोप

धाकटीला माती कळते, असं घरात सगळे म्हणायचे. कळणारच, तिचा धंदाच तो. कुठे इमारत उभी राहायची असली की आधी हिला बोलावणं जायचं. ही यायची, मशीन लावून जमिनीला बोअर पाडायची, खालची माती वर काढून बोटांत चुरून बघायची, पाणी किती खोलावर आहे ते मोजायची आणि मग सांगायची, पाया इतका खोल न्या, इथे तळघराचा नाद सोडा. परक्यांच्या घरांची काळजी वाहता वाहता तिच्या केसांत पांढऱ्या रेघा आल्या होत्या. म्हणून ताईने आणि भाऊजींनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला, तेव्हा ताईचा फोन येणार हे ठरलेलंच होतं.

"जगाच्या मात्या उकरत हिंडतेस," ताई म्हणाली, "आता बहिणीची उकर."

भाऊजी मागून ओरडले, "आणि तळघर होईल असंच सांग गं बाई! माझं लेथ मशीन कुठे ठेवू?"

भाऊजींना लाकडाचं वेड. निवृत्त झाल्यापासून दिवसभर भोवरे, रव्या, खुर्च्यांचे पाय असं काही ना काही कातत बसायचे. भाड्याच्या घरात लाकडाचा भुसा उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचला होता. तळघर मिळालं की संसार सुखाचा होईल, असं दोघांचं मत होतं.

एरवीही तो सुखाचाच होता म्हणा. एकच गोष्ट सोडली तर. ताईला झोप नव्हती.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही. दोघी बहिणी लहान असताना आई गेली. धाकटी तेव्हा इतकी लहान की तिला आईचा चेहराही नीट आठवत नाही. आठवतो तो ताईचा हात. अंधाराला घाबरून ती रडायला लागली की ताई तिला जवळ घ्यायची आणि पाठीवर थोपटत राहायची. ताई तेव्हा स्वतःच परकरातली पोर. पण धाकटी झोपेपर्यंत जागायचं, आणि झोपल्यावरही ती दचकून उठेल म्हणून जागायचं, अशी सवय लागली ती लागलीच. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून परदेशी गेला, पण ताईच्या डोळ्याला डोळा काही लागेना. औषधं झाली, डोक्याला तेल चोळून झालं. भाऊजी म्हणायचे, "हिला झोप यावी म्हणून मी रोज माझ्या नोकरीच्या गोष्टी सांगतो. दहाव्या मिनिटाला मीच घोरायला लागतो."

तर धाकटी आपलं मशीन आणि मिस्त्री घेऊन प्लॉटवर आली. हा मिस्त्री तिच्याबरोबर बरीच वर्षं बोअर पाडत होता. अंगाने दांडगा, जिभेने त्याहून दांडगा. पहिला बोअर रस्त्याच्या बाजूला घेतला. वर भरावाची माती, मग पिवळी, मग गोटे आणि खाली चांगला घट्ट थर. बोअरमध्ये रॉड सोडून त्याच्या डोक्यावर वजन आपटायचं आणि किती ठोक्यांना तो किती उतरतो ते बघायचं, हीच जमिनीची परीक्षा. पहिल्या बोअरला रॉड हटून बसला. ठोक्यावर ठोके पडले तरी तसूभर सरकेना. धाकटी खूश झाली.

दुसरा बोअर तिने मागच्या बाजूला घेतला. नकाशात तिथे ताईची झोपायची खोली होती.

सुरुवात पहिल्यासारखीच झाली. मग गोटे संपले आणि मिस्त्रीने वजन उचलायच्या आतच रॉड खाली निघाला. आपल्याच भाराने, सावकाश, एका लयीत. कुणी खालून दोन्ही हातांनी अलगद उतरवून घ्यावा तसा.

"अरे, धर धर!" मिस्त्री ओरडला. मग कपाळ पुसत म्हणाला, "मॅडम, जावई सासरी शिरतो तसा शिरला बघा. कुणी अडवलंच नाही."

धाकटीने असे मऊ थर पाहिले होते. तिने नळीतून नमुना वर काढला. निळसर राखाडी चिकणमाती, लोण्यासारखी. सवयीने तिने ती नाकाशी नेली. अशा मातीला कुजकट वास येतो. हिला तो नव्हता. नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं की त्याच्या टाळूला जो वास येतो, तो वास होता. आणि माती कोमट होती.

तिने पुन्हा एकदा वास घेतला. मग नमुन्याची नळी बंद करून चिठ्ठी लावून ठेवून दिली. उन्हाचे दिवस होते, कोमट असायचीच.

बोअरमध्ये पाणी लागलं होतं. पातळी काही दिवस बघायला हवी होती, म्हणून तिने तिथे एक उभी नळी बसवून ठेवली आणि मिस्त्रीला मशीन घेऊन तिसऱ्या कोपऱ्याकडे पाठवलं. नळीवर ऊन येऊ नये म्हणून ताडपत्री बांधली. सगळ्या प्लॉटवर सावली काय ती तेवढीच. त्यामुळे दुपारी डबा घेऊन ताई आली तेव्हा तिची घडीची खुर्ची तिथेच मांडली गेली.

जेवणं झाली. धाकटी हात धुऊन वळली, तर ताई मान टाकून झोपली होती.

साधी डुलकी नव्हती ती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले, कपाळावरची कायमची आठी पुसून गेलेली. धाकटीने उभ्या आयुष्यात ताईला झोपलेलं पाहिलं नव्हतं. ती पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मिस्त्रीने मशीन सुरू करायला हात घातला होता, त्याला तिने लांबूनच खूण केली. तोही समजूतदार. चपला काढून पलीकडे जाऊन बसला.

चला, तेवढ्यात पातळी मोजून घेऊ, म्हणून तिने मोजफीत नळीत सोडली. या फितीच्या टोकाला एक छोटं बोंडूक असतं. ते पाण्याला टेकलं की वरच्या पेटीत पीं असं वाजतं, पाण्याबाहेर आलं की थांबतं. फीत खाली गेली. वाजली. धाकटीने ती तिथेच घट्ट धरली आणि आकडा वाचायला वाकली.

वाजणं थांबलं.

फीत हलली नव्हती. ती चरफडली, बॅटरी गेली वाटतं. तेवढ्यात पुन्हा वाजलं. आणि थांबलं. पुन्हा वाजलं. पाणी वर येत होतं, बोंडकाला टेकत होतं, खाली जात होतं. चढ सावकाश, उतारही सावकाश. ऐकता ऐकता तिचं लक्ष सहज समोर गेलं. ताईची छाती वर झाली, पेटी वाजली. छाती खाली गेली, पेटी गप्प.

तिला आधी हसूच आलं. पोरीसारखा खेळ वाटला तिला तो. मग ती बराच वेळ बघत राहिली आणि हसू ओठांवरच वाळलं.

तासाभराने ताई जागी झाली. डोळे चोळत इकडेतिकडे बघून लाजली. "अगंबाई! झोपले की काय मी?" आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की धाकटीने ओठांवर आलेलं सगळं गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या परीने शहानिशा केली. जमीन मऊ, वर खुर्चीचा भार, श्वासाबरोबर भार हलत असेल, असा तर्क लढवून तिने मिस्त्रीला त्या खुर्चीवर बसवलं. तो ताईच्या दुप्पट. तो पाय पसरून मागे रेलला, डोळे मिटले, वर खोटं खोटं घोरलाही. पेटी एकसारखी वाजत राहिली. पाणी जागचं हललं नाही.

"काय मॅडम," मिस्त्री उठत म्हणाला, "आमच्या झोपेला काही भावच नाही का?"

दुपारी ताई आली, बसली, झोपली. आणि पाणी चढाउतरायला लागलं.

ताई आता रोज यायला लागली. आधी जेवणाच्या वेळेला, मग त्याच्या बरीच आधी. घरून उशी आणली. एक दिवस भाऊजी धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "काय जादू केलीस गं? काल स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कळलं, हिचा आवाज किती बेसूर आहे." असं म्हणून ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नाक पुसून भुशाला दोष दिला.

आता या माणसाला काय सांगायचं?

तिने ताईलाच विचारून बघितलं. "इथे तुला एवढी गाढ झोप कशी गं लागते?"

ताई जरा वेळ नळीकडे बघत राहिली. मग हळूच, मैत्रिणीला गुपित सांगावं तशी म्हणाली, "कुणीतरी थोपटतं."

"कुठे?"

"पाठीवर. खालून येतं ते. हसू नकोस हं."

धाकटी हसली नाही. ताई घरी गेल्यावर ती गुडघे टेकून खाली बसली आणि तळवा जमिनीवर ठेवला. कितीतरी वेळ काहीच नाही. मुंग्या, उन्हाने तापलेली ढेकळं, लांब कुठेतरी ट्रक. ती उठणार, तेवढ्यात आलं. थप्... थप्... थप्. खूप खोलून. कुठली मोटर इतकी हळुवार नसते. भरलेल्या, मऊ हाताचं थोपटणं होतं ते, मधे मधे अंमळ थांबणारं, मूल झोपलं का ते बघणारं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि त्याच वेळी, कधी नव्हे ते, तिचे डोळे जड झाले. आडवं व्हावंसं वाटलं. तिथेच, मातीत. तिने कसाबसा हात काढून घेतला.

काम संपलं. मिस्त्री मशीन गाडीवर चढवून पुढच्या कामाला गेला. उरला होता तो दुसरा बोअर बुजवायचा. सिमेंटचा पातळ रबडा करून नळीच्या वाटेने आत सोडला की झालं. ते काम धाकटी एकटीने करू शकत होती. ताई अर्थातच तिथे होती, खुर्चीत, झोपलेली. वारा अगदी पडला होता. ताडपत्रीची कड हलत नव्हती.

रबडा ओतण्याआधी धाकटीने शेवटची म्हणून फीत आत सोडली. पेटी वाजली. थांबली. वाजली. थांबली. ती बादलीत रबडा ढवळत ऐकत होती. हळूहळू दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं. मग पेटी वाजली आणि वाजतच राहिली.

तिने मान वर केली. ताईची छाती वर झाली होती. खाली येत नव्हती.

"ताई?"

नळीतून ओला, कोमट वारा वर येत होता. न्हालेल्या बाळाचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पाणी दिसायला लागलं होतं, काळं, गुळगुळीत, नळीच्या काठाशी आलेलं.

"ताई... ए ताई, ऊठ."

तिने ताईचे खांदे धरून हलवलं. ताई जडशीळ झाली होती. चेहऱ्यावर मात्र दुःखाचा लवलेश नाही. ओठांवर हसू, गाल गुलाबी. धाकटीची नजर खाली गेली. ताईने चपला काढून ठेवल्या होत्या. तिचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेले होते. जमीन तर कोरडी होती! त्याच जमिनीवर सकाळी पहार आपटून धाकटीच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. आणि ताईच्या घोट्यांभोवती ती अशी बसली होती, जशी दुलई खोचून देतात.

ओढून ताई हलेना. हाक मारून जागी होईना. शेवटी धाकटी नळीपाशी वाकली. शिकलेली, पिकल्या केसांची बाई, एका भोकाशी तोंड नेऊन बोलायची होती.

"ऐक," ती कुजबुजली. "मला कळतंय... तू तिला त्रास देत नाहीयेस. पण ती माझी आहे. मला आईच माहीत नाही... हीच आहे मला. आत्ता नको. परत दे..."

थोपटणं थांबलं.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग नळीतून एक लांब सुस्कारा आला आणि पाणी खाली गेलं. ताईने श्वास सोडला. तिचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "कशाला उठवलंस..." ती झोपेतच मुसमुसली. मग डोळे उघडून तिने पाय सहज उचलले. त्यांना मातीचा कणही लागलेला नव्हता.

धाकटीने तिला मिठी मारली आणि रडत, ओरडत सगळं सांगितलं. "इथे घर बांधायचं नाही. मी लिहून देते, जागा वाईट आहे. दुसरी बघू आपण."

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाईट आहे का जागा? खरं सांग. बहीण म्हणून नको. तुझी माती काय म्हणते?"

तळघर नको, खांब मऊ थराच्या पार खाली खडकापर्यंत न्या, मग घराला धोका नाही. मातीचं म्हणणं एवढंच होतं.

"मग तेवढंच लिही," ताई म्हणाली. "अगं, तुला थोपटून झोपवायचे तेव्हा मला वाटायचं, मला कोण थोपटणार? रोज वाटायचं. आता माझी साठी आली. आता कुणीतरी थोपटतंय, तर तू मला ऊठ म्हणतेस."

धाकटीने रबड्याची बादली उचलली. तिने बोअर बुजवला. हिशेबापेक्षा कितीतरी जास्त सिमेंट त्याने पोटात घेतलं आणि मग एकदाचं ते वर येऊन थांबलं. अहवालात तिने खरं ते लिहिलं. भाऊजी तळघरासाठी आठवडाभर रुसले. मग त्यांना अंगणात पत्र्याची प्रशस्त शेड मिळाली आणि ते पूर्वीपेक्षा जास्त भुसा पाडायला लागले.

घर सुरेख झालं. वर्ष सरलं. ताई भरून आली, केस दाट झाले. आल्यागेल्याशी हसून बोलायची, दुपारी मागच्या खोलीत निवांत झोपायची आणि न चुकता उठून चहा टाकायची. धाकटी येऊन राहायची तेव्हा तिलाही छान झोप लागायची. भीती किती दिवस उराशी धरणार? माणूस सुखाला लवकर सरावतं. तिला वाटायला लागलं, आपणच उगाच घाबरलो. त्या हातात माया होती, आणि माया कुणाची का असेना, लागतेच की.

नव्या इमारतीची पातळी अधूनमधून मोजावी लागते. घर नवीन असताना थोडं बसतं, केसभर का होईना खाली जातं. ते सरळ बसतंय की एका अंगाला, ते बघायचं. वर्ष झालं तशी धाकटी एका दुपारी आपलं यंत्र घेऊन आली. भाऊजी शेडमध्ये आरामखुर्चीत पेंगत होते. ताई मागच्या खोलीत पडली होती. धाकटीने रस्त्यापलीकडच्या दगडी खुणेवर यंत्र लावलं, घराचे चारही कोपरे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघितले आणि यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

घर बसलं नव्हतं. वर आलं होतं. चारही कोपऱ्यांनी सारखंच, चांगलं बोटभर. कुठे तडा नाही, दार अडकत नाही, कपाटातली बशीसुद्धा सरकलेली नाही.

ती अनवाणी मागच्या खोलीत गेली. पडदे ओढलेले, पंखा संथ फिरत होता. ती ताईच्या पलंगापाशी खाली बसली आणि फरशीवर तळवा टेकला. तिने वाट पाहिली. बराच वेळ वाट पाहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "थोपटणं लागत नाही गं हाताला."

ताईने डोळे न उघडता कूस बदलली. आवाज झोपेने भरलेला, तृप्त.

"बरेच दिवस झाले थांबून... आता नुसतं धरलंय."

"धरलंय म्हणजे?"

ताई पुन्हा झोपली होती.

धाकटी उठली. यंत्र बाहेर उन्हातच राहिलं होतं, ते आणायला हवं होतं. तिने पुढचं दार उघडलं, अंगणाकडे बघत सवयीने पाय खाली टाकला आणि तिचा तोल गेला. पाय जमिनीला लागलाच नाही. दाराची चौकट घट्ट धरून तिने पाऊल आणखी खाली सोडलं, मग आणखी थोडं. आत पंखा फिरत होता, शेडमध्ये भाऊजी घोरत होते, आणि अंगण जिथे असायला हवं होतं तिथून ते खूप खाली होतं.